दुसऱ्या दिवशीचा चहा

निवडणूक कशी जिंकावी हे सांगणारी माणसे आमच्या शिरूर-दौंडकडे पैशाला पासरी मिळतात. साखर कारखाना म्हणू नका, सोसायटी म्हणू नका, ग्रामपंचायत म्हणू नका. निकालाच्या आदल्या रात्रीच गुलालाची पोती उतरवून ठेवणारे वीर येथे गावोगाव आहेत. परंतु निवडणूक हरावी कशी, हे समजावून सांगणारा माणूस मला चाळिशी उलटेपर्यंत भेटला नव्हता. तो भेटला एका इस्पितळाच्या व्हरांड्यात. त्याने सांगितलेली युक्ती मला कोणत्याही ग्रंथात सापडलेली नाही, म्हणून यंदाच्या दिवाळीत ती वाचकांपुढे ठेवतो.

युक्तीकडे येण्यापूर्वी हरण्याचा आमचा रूढ विधी सांगितला पाहिजे. पडलेला उमेदवार प्रथम 'जनतेचा कौल शिरसावंद्य' असे म्हणतो. मग दोन दिवस त्याचा मोबाईल बंद असतो. तिसऱ्या दिवशी तो सासुरवाडीला जाऊन येतो आणि चौथ्या दिवशी टपरीवर बसून कोणत्या वस्तीने दगा दिला याचा हिशेब मांडतो. पाच वर्षांनी पुन्हा फॉर्म भरतो. हे सारे त्याला जमते याचे कारण साधे आहे. तो हरतो आणि घरी जातो. घरी ताट वाढलेले असते, आई 'जाऊ दे रे' म्हणते, आणि सकाळी म्हशीला वैरण घालावीच लागते.

पण मतदान ज्यांच्या घरावरच झाले, ती माणसे हरल्यावर त्यांनी कोणत्या घरी जायचे?

हा प्रश्न मला पडला मंगळवार, १७ ऑक्टोबर २०२३ रोजी. नवरात्राची तिसरी माळ होती. दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना एकमेकांशी कायदेशीर विवाह करता यावा, या मागणीच्या याचिकांवर त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातले शब्द बदलणे हे न्यायालयाचे काम नव्हे, ते संसदेचे, यावर पाचांचेही एकमत झाले. लग्न नाही तर नाही, निदान अशा सहजीवनाला कायद्याने काही नाव द्यावे काय, त्यांना एकत्र मूल दत्तक घेता यावे काय, यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. तिघे 'नाही' म्हणाले. 'होय' म्हणणाऱ्या दोघांत खुद्द सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते. त्यांचे मूळ गाव कनेरसर, म्हणजे आमच्या शिरूरच्या शेजारच्या खेड तालुक्यातले. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या.

'हे पुण्या-मुंबईचे खूळ, आमच्याकडे कशाला?' असे म्हणणाऱ्या वाचकांस आणखी एक गोष्ट सांगतो. दौंड तालुका बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतो. तेथील खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडले होते. विशेष विवाह कायद्यात जेथे 'पती' आणि 'पत्नी' आहे तेथे 'जोडीदार' हा अर्थ यावा, एवढाच त्याचा मथितार्थ. दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झालेले खासगी विधेयक १९७० नंतर एकही नाही, हे लक्षात घेता त्याचे पुढे काय झाले ते वेगळे सांगायला नको. २०२४ साली ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही तिच्याबरोबर गेले. म्हणजे हा प्रश्न दिल्लीत आमच्याच दौंडच्या प्रतिनिधीने मांडला होता, आणि दौंडात त्याची फारशी चर्चाही झाली नाही.

माझ्यापुढे मात्र तो दोन मुलींच्या रूपाने उभा होता. एक शिरूरची, माझी जुनी विद्यार्थिनी. दुसरी दौंडची, रेल्वेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांची कन्या. दोघी नोकरीनिमित्त पुण्यात आल्या, तेथे त्यांची ओळख झाली आणि गेली काही वर्षे त्या हडपसरला एका बिऱ्हाडात राहतात. नावे सांगत नाही. त्यांची हरकत नाही, पण गावे लहान आहेत.

आता मी मराठीचा मास्तर. माझी पहिली अडचण भाषेची होती. या दोघी एकमेकींच्या कोण? आपल्या मराठीला नात्यांच्या शब्दांची काही वाण आहे काय? नवऱ्याच्या भावाची बायको जाऊ, बायकोच्या बहिणीचा नवरा साडू, मुलीचा सासरा व्याही. इतकी लांबची नाती आपण एकेका शब्दात पकडली. पण एका ताटात जेवणाऱ्या या दोघींसाठी भाषेने शब्दच ठेवला नाही. दौंडची आई शेजारणींना 'मैत्रीण' म्हणून सांगत असे. सांगताना आवाज किंचित खाली जाई, एवढेच.

आमच्या साहित्यानेही त्यांना फार काही दिले नाही. विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' हे नाटक लिहिले; ते १९८१ साली रंगभूमीवर आले. त्या काळी एका स्त्रीच्या मनातले असे प्रेम रंगमंचावर आणायला छाती लागत होती. पण त्यातली मित्रा शेवटी आत्मघात करते. माझ्या विद्यार्थिनीने तो शेवट वाचून मला एकदा विचारले होते, "सर, आमच्यासारख्यांच्या गोष्टीला म्हातारपण नसतंच का?" या प्रश्नावर एम. ए. च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हते.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. "सर, नापास झालो," एवढेच म्हणाली. थोडा वेळ आम्ही दोघेही गप्प होतो. मग ती म्हणाली, "आज लाइटबिलाची शेवटची तारीख होती. ते भरलं. मग भात लावला." मला वाटते, त्या दिवशी देशात पुष्कळ घरांतून हेच झाले असेल. ज्या संसाराला संसार म्हणता येत नाही असे ठरले, त्या संसारात रात्री कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.

परंतु पराभवाची खरी चव कळते ती नंतर. त्या वर्षीची दिवाळी निकालानंतर चार आठवड्यांच्या आत आली. दौंडची आई आमच्या सौ. ला म्हणाली, "दोघींना बोलवावं की एकटीलाच? आजपर्यंत कुणी विचारत नव्हतं हो. पण पेपरात आल्यापासून सगळे विचारतात. परवा माझी जाऊ म्हणाली, आता तर कोर्टानंच नाही म्हटलं, मग तुम्ही कशाला लाड करता?"

ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. न्यायालयाने त्या जावेला काहीच अधिकार दिला नव्हता. उलट अशा जोडप्यांना एकत्र राहण्याचा हक्क आहे, पोलिसांनी आणि कुटुंबीयांनी त्यांना छळू नये, हेही त्याच निकालपत्रांत आहे. पण निकाल कोण वाचतो? लोक फक्त 'जिंकले' आणि 'हरले' वाचतात. जे लोक काल भिडेखातर गप्प होते, ते आज निकालाचा हवाला देऊन बोलू लागतात. पराभवाने कायदा पूर्वी होता तेथेच राहिला. शेजार मात्र एक पाऊल पुढे सरकला. हरलेल्याला बोचते ते हे.

त्या दिवाळीला दौंडला एकटीच गेली. दुसरी हडपसरला राहिली.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात शिरूरच्या मुलीच्या पोटात एकाएकी कळा येऊ लागल्या. रात्रीच शस्त्रक्रिया करायची ठरली. इस्पितळाच्या कागदावर 'रुग्णाशी नाते' असा एक रकाना असतो. दौंडच्या मुलीने तेथे काय लिहावे? 'मैत्रीण' लिहिले तेव्हा खिडकीतल्या माणसाने कागद परत केला. "जवळचा नातेवाईक बोलवा," म्हणाला. सात वर्षे जिच्या औषधांच्या वेळा हिला पाठ, तिच्यासाठी ही जवळची नव्हती. शेवटी शिरूरला भावाला फोन गेला. हा भाऊ दोन वर्षे बहिणीशी बोलत नव्हता. तो मध्यरात्री जीप काढून आला, सही केली आणि बाकावर बसून राहिला.

सकाळी मी पोहोचलो तेव्हा शस्त्रक्रिया पार पडली होती. परिचारिका दुसरा कागद घेऊन आली आणि सवयीने भावापुढे धरला. त्याने सही केली आणि दौंडच्या मुलीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सही माझी घ्या. पण काय विचारायचं ते ह्यांना विचारा. घरचं माणूस हेच आहे."

व्हरांड्यात आम्ही चहा प्यालो. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "सर, मी दोनदा ग्रामपंचायतीला पडलोय. एकदा नऊ मतांनी, एकदा चार. हरायचं कसं ते मला विचारा. हरल्यावर तीन कामं असतात. पहिलं, रडून घ्यायचं, पण खोटं हसायचं नाही. दुसरं, पडलेली मतं मोजायची. न पडलेली मोजत बसलं की माणूस वेडा होतो. आणि तिसरं, ज्यानं मत दिलं नाही त्याच्याच ओट्यावर दुसऱ्या दिवशी चहाला जायचं. भांडायला नाही, चहाला."

मी घरी आल्यावर या तीन सूत्रांवर बराच विचार केला, आणि इतिहास चाळताना ती जागोजाग खरी ठरताना दिसली.

पहिले रडण्याचे घ्या. ४ नोव्हेंबर २००८ रोजी अमेरिकेत बराक ओबामा निवडून आले. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, कॅलिफोर्निया राज्यात समलिंगी विवाह बंद करावेत काय असाही प्रश्न होता, आणि शेकडा सुमारे ५२ लोकांनी 'बंद करा' म्हटले. मधल्या काही महिन्यांत सुमारे १८ हजार जोडप्यांची लग्ने तेथे झालेली होती. रस्त्यात लोक नाचत आहेत आणि आपल्या घराला मात्र नकार मिळाला आहे, अशी ती रात्र. भर दिवाळीत ज्या घरी सुतक असते त्यांनाच तिची कल्पना यावी. अशा वेळी 'चला, पुढच्या वेळी पाहू' असे कोणी पाठीवर थाप मारून म्हणू नये. आधी त्यांना हरू द्यावे.

दुसरे सूत्र, पडलेली मते मोजण्याचे. १८ डिसेंबर २०१५ रोजी शशी थरूर यांनी कलम ३७७ दुरुस्त करणारे विधेयक लोकसभेत मांडू पाहिले. ते मांडूही द्यायचे नाही असे सभागृहाने ७१ विरुद्ध २४ मतांनी ठरवले. पुढे मार्च २०१६ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला; तेव्हा ५८ विरुद्ध १४. मते वाढण्याऐवजी घटली! त्याआधी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयातही हार झालेलीच होती. ज्याने न पडलेली मते मोजली असती त्याने तेथेच हात टेकले असते. पण सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की सज्ञान माणसांचे परस्परसंमतीचे प्रेम हा गुन्हा नव्हे.

२०२३ च्या निकालातही मोजण्यासारखे पुष्कळ उरले. सरकारने कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे आश्वासन दिले होते. ती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांना नॉमिनी करण्यास कोणतीही आडकाठी नाही, हे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. रेशनकार्डासाठी त्यांना एकाच कुटुंबातले धरावे, आणि जवळचे नातलग नसल्यास जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, अशी पत्रे केंद्राकडून राज्यांना गेली. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले, की कुटुंब स्थापण्याचा विवाह हा एकच मार्ग नव्हे. आणि मृत्युपत्र तर कोणीही सज्ञान माणूस कोणाच्याही नावे करू शकतो. दोन साक्षीदार पुरतात. रक्ताचे नाते नसलेल्यांनी ते अवश्य करावे, कारण ते नसेल तर १९५६ च्या वारसा कायद्याला ही सोबत दिसतच नाही. आमच्या दोघींनी इस्पितळातून घरी आल्यावर पहिल्या महिन्यात हेच केले. हा काही विवाह नव्हे. पण पावसात छत्री मिळाली तर छप्पर नाही म्हणून ती फेकून देऊ नये, आणि छत्री मिळाली म्हणून छपराचा हट्टही सोडू नये.

तिसरे सूत्र चहाचे, आणि तेच सर्वांत अवघड. अमेरिकेत मेन नावाचे एक थंड, खेड्यापाड्यांचे राज्य आहे. तेथील विधिमंडळाने २००९ च्या मे महिन्यात समलिंगी विवाहाचा कायदा केला. नोव्हेंबरात जनतेने शेकडा सुमारे ५३ मतांनी तो रद्द केला. हरलेल्यांनी मग काय करावे? ते दारोदार गेले. ज्यांनी विरुद्ध मत दिले त्यांच्याच दारांत जाऊन बसले, त्यांचे ऐकून घेतले, आपले घर कसे चालते ते सांगितले. आणि २०१२ साली तोच प्रश्न त्यांनी स्वतः होऊन पुन्हा मतपेटीत नेला. त्याच राज्याने या वेळी 'होय' म्हटले. माणसे पुष्कळशी तीच होती. मधल्या तीन वर्षांत चहा मात्र बराच झाला होता.

आपल्याकडेही घराचे कायदे एका फटक्यात कधी बदललेले नाहीत. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे येताना भीमा ओलांडली की केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी १८८० साली बिपिनबिहारी मेधावी या परजातीच्या बंगाली वकिलाशी विवाह केला तो १८७२ च्या नागरी विवाह कायद्याने. आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याच धर्माचे नाही, असे त्या कायद्याखाली लिहून द्यावे लागे. हिंदूंपुरती ती अट सैल व्हायला १९२३ साल उजाडले, आणि ती पुरती जाऊन आजचा विशेष विवाह कायदा व्हायला १९५४. म्हणजे दार अर्धे उघडल्यापासून पूर्ण उघडेपर्यंत ८२ वर्षे! हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षी मुंबईत लोकसभेची निवडणूकही ते हरले. पण १९५५ आणि १९५६ मध्ये तेच बिल चार कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले. आज ज्या कायद्याने आपल्या लेकींना सासरी आणि माहेरी आधार आहे, तो एकदा हरलेला कायदा आहे.

येथे कोणी मला अडवील आणि म्हणेल, 'मास्तर, ८२ वर्षांचा हिशेब तुम्हाला सोपा; ज्यांचे आयुष्य चालले आहे त्यांनी काय करायचे?' आक्षेप बरोबर आहे. माझ्या विद्यार्थिनीनेही भावाची तीन सूत्रे ऐकून हेच विचारले होते. "दादाला मत मिळालं नाही तर सरपंचपद गेलं. आमचं घर गेलं. आणि वर चहाला आम्हीच जायचं? ज्यांनी दारात उभं केलं नाही त्यांच्या ओट्यावर?"

यावर भाऊ काही बोलला नाही. थोड्या वेळाने उठला आणि चहाचे कप विसळायला गेला. त्या वर्षी दिवाळीला त्यानेच दौंडच्या आईला फोन केला. "मावशी, भाऊबीजेला दोघींना शिरूरला पाठवा. आणि पाडव्याला दोघींना तुमच्याकडे ठेवा," म्हणाला. आईने पाठवले. जाऊबाईंनी पुन्हा विचारले तेव्हा ती म्हणाली, "आमच्या घरातली आहे ती." या खेपेस आवाज खाली गेला नाही. पन्नास वर्षे मराठी बोलणाऱ्या त्या माउलीने तो रकाना असा भरला. माझ्या मते तो शब्द कोशकारांनी नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

संसदेतले मतदान आपल्या हातात नाही. न्यायपीठावरचे तर नाहीच नाही. पण एक मतदान प्रत्येक घरात दर वर्षी होते. आश्विन वद्यात फराळाची यादी होते, तेव्हा कोणाला बोलवायचे, पाकिटावर एक नाव लिहायचे की दोन, ओवाळताना पाट एक मांडायचा की दोन, हे ठरते. त्या मतदानाला आयोग नाही, शाई नाही, आणि अपीलही नाही. तेथे हरलेले माणूस खरोखर हरते.

हरलेल्याने चहाला जावे हे सूत्र गावच्या राजकारणात चालते. या प्रश्नात ते उलटे करावे लागेल. येथे चहाला बोलवायचे काम जिंकलेल्यांचे, म्हणजे ज्यांची लग्ने वाजतगाजत झाली आणि ज्यांना कोणत्याही रकान्यात काय लिहावे याचा कधी विचार करावा लागला नाही, त्या तुमचे-आमचे आहे. तुमच्याही घरी, आळीत, कचेरीत असे कोणी असेल. 'मैत्रीण', 'रूम पार्टनर', 'तिची ती' असे म्हणून तुम्ही तो विषय टाळत असाल. या दिवाळीला दोघांना बोलवा. कायद्यावर बोलू नका. चकली खुसखुशीत झाली की नाही यावर बोला. पाकिटावर मात्र दोन्ही नावे लिहा, आणि लिहिताना शाई पुसट होऊ देऊ नका.